सरोजताईंची तटावरची प्रदक्षिणा

कतारमधल्या दुखानला गाडीशिवाय माणूस म्हणजे घरात ठेवलेलं सामान. कोथिंबिरीची जुडी हवी असली तरी कुणीतरी गाडी काढायला हवी. आमच्या शेजारच्या सरोजताईंनी तिथे कितीतरी वर्षं अशीच काढली. त्यांचे यजमान श्यामभावजी तेलकंपनीत. ते सकाळी गाडी घेऊन गेले की ताई घरात. गाडी चालवायची परीक्षा त्यांनी बऱ्याचदा दिली नि दरवेळी नापास झाल्या. शेवटच्या खेपेला परीक्षा घेणारी बाई एवढंच म्हणाली, "खलास." ताई अजून सांगतात, "आसावरी, चहा उकळायच्या आत कुणी गॅस बंद करावा ना, तसं झालं गं मला."

मग पन्नाशी उलटल्यावर त्यांनी सायकल घेतली. भावजी आधी पोटभर हसले, मग हिवाळ्यात रोज सकाळी सीट धरून मागे पळाले. ताई पडल्या, गुडघे फोडून घेतले, पण शिकल्या. फक्त कॉलनीच्या फाटकापर्यंत जायच्या आणि तिथून वळायच्या. फाटकाबाहेर एकटीने जायची छाती होत नसे.

गेल्या ईदच्या सुट्टीत आमची दोन्ही घरं मिळून चीनमधलं शिआन पाहायला गेली. फार जुनी राजधानी. पहिल्या दिवशी मातीचे सैनिक पाहिले. खड्ड्यात रांगाच रांगा, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. ताई मूळच्या पेणच्या, त्यांच्या माहेरी गणपतीचा कारखाना. त्या कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "रंग उडालाय हो सगळ्यांचा. पेणला पाठवा म्हणावं, गणपतीच्या आत रंगवून देऊ."

"आणि डोळे कोण काढणार? तू?" भावजी.

"मीच. माहेरी डोळे मीच काढायची. तुमच्यासारखे बटाट्याएवढे नाही काढणार."

दुसऱ्या दिवशी एक उंच विटांचा पॅगोडा पाहिला. शाळेत इतिहासात युआन श्वांग होता ना, हिंदुस्थानातून पोथ्या घेऊन गेलेला? त्या पोथ्यांसाठी बांधलेला तो मनोरा. युआन श्वांग आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला, हे मला बाईंनी शिकवलेलं आठवत होतं. मी नकळत हात जोडले. शेजारी ताईही हात जोडून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हा बाबा वाळवंटं तुडवत आपल्याकडे येऊन गेला. आणि मी फाटकावरून परत फिरते. उद्या तटावर सायकल मिळते म्हणतात. पूर्ण फेरी मारणार मी. माझी मी."

जुन्या शहराभोवती अजून अख्खा तट आहे, वरून चार गाड्या शेजारी जातील एवढा रुंद. एक फेरी म्हणजे चौदा किलोमीटर. दक्षिण दरवाजाशी भावजींनी हौसेने जोडसायकल काढायला लावली, दोघांनी मिळून चालवायची. ताई म्हणाल्या, "ही नको. ही प्रदक्षिणा आहे. दुसऱ्याच्या पायांनी घातलेली पावत नाही."

"अगं, आत देव कुठला?"

"एवढं मोठं गाव आहे. देवळं आहेत, मशीद आहे, पोराबाळांची घरं आहेत. देव काय फक्त आपल्याकडेच राहतो?"

मग दोघांनी वेगवेगळ्या सायकली घेतल्या. भावजी पूर्वेकडे निघाले, सावली तिकडे होती. ताईंनी हाक मारली, "उलटे कुठे चाललात? गाव उजव्या हाताला हवं!" बिचारे वळले. माझे गुडघे दुखतात म्हणून मी आणि कुशल, म्हणजे माझे यजमान, तटावरच्या बॅटरीच्या गाडीत बसलो.

उत्तर दरवाजाशी आमची गाडी थांबली तर भावजी पायरीवर बसलेले, तोंड लालबुंद. विटांच्या खडबडीत वाटेने त्यांचे पाय गळाले होते. त्यांनी सायकल तिथेच परत दिली. "सरोज, खलास. चल, गाडीत बस."

ताईंनी पुढे पाहिलं. लांबवर तट, अनोळखी माणसं, अनोळखी अक्षरं. फोनही चालत नव्हता. भावजी मऊ आवाजात म्हणाले, "अर्धी झाली की. अर्धीही खूप झाली."

"अर्धी प्रदक्षिणा कुणी घालतं का?" ताई म्हणाल्या. पदर नव्हता, तर ओढणीच कमरेला खोचली, देवाचं नाव घेतलं आणि निघाल्या.

वाटेत आमच्या गाडीने त्यांना गाठलं. भावजी ओरडले, "मॅडम, लिफ्ट पाहिजे का?"

"यल्ला, यल्ला! चला, पुढे व्हा, रस्ता अडवू नका!"

आम्ही दक्षिण दरवाजाशी येऊन थांबलो. इतर सायकलवाले येऊन गेले, ताई येईनात. भावजींची थट्टा थांबली. ते येरझाऱ्या घालू लागले. "मी तिला एकटीला सोडायला नको होतं, कुशल." मी मनात रामरक्षा सुरू केली.

आणि लांबून घंटी ऐकू आली. सारखी, शाळा सुटल्यासारखी. ताई! केस विस्कटलेले, हात कोपरापर्यंत काळे. "चेन पडली होती!" त्या लांबूनच ओरडल्या. "माझी मी बसवली!"

आम्ही टाळ्या वाजवल्या, भावजी हात पसरून पुढे झाले, आणि ताई आमच्या समोरून तशाच सुर्रकन पुढे गेल्या.

"अगं, थांब! झालं की!"

"नाही झालं! आधी थोडं सायकल हातात धरून चालले होते मी, पहिलं पायडल त्या पुढच्या बुरुजापाशी मारलं!"

गळालेल्या पायांनी भावजी मागे धावले, त्यांच्यामागे आम्ही. एक चिनी आजोबाही, काय चाललंय ते न कळताच, हसत आमच्याबरोबर पळाले. बुरुजाशी ताई उतरल्या, विटेला हात लावून कपाळाला लावला, तर कपाळही काळं झालं.

भावजींनी धापा टाकत रुमाल पुढे केला. "पूस आधी."

"मुळीच नाही," ताई म्हणाल्या. "आधी फोटो काढा. आणि हात नीट दिसू द्या."