दोब्रिंकाचा धुराचा डबा

रूसे शहरातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोब्रिंकाच्या न्हाणीघरात गटाराचा वास यायचा. रोज नाही. नदीकडून वारा सुटला की यायचा, आणि प्लंबर दारात उभा राहिला की हटकून गायब व्हायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली होती. दूध नासायच्या बेतात असलं तरी तिला वासावरून कळायचं. घरात मात्र तिच्या नाकावर कुणाचा विश्वास नव्हता.

"अगं, मला तर काहीच येत नाही," नवरा मिंचो म्हणायचा.

"तुला सिगारेटीपलीकडे कधी काही आलंय?"

एका प्लंबरने कमोडखालचं रबर बदललं. वास तसाच. दुसरा म्हणाला, मोरीत रोज पाणी ओतत जा. वरच्या मजल्यावरच्या सेव्दाने तर जिन्यात चारचौघांसमोर विचारलं, "दोब्रिंका, तुझ्या आंबवलेल्या कोबीच्या पिंपाचं झाकण नीट बसतं ना गं?" त्या दिवशी ती रागाने जेवलीच नाही.

पाइपात धूर सोडला की फट असेल तिथून तो बाहेर येतो, हे तिला दुसऱ्या प्लंबरने सांगितलं होतं. धूर सोडायचं यंत्र काही त्याच्याकडे नव्हतं. "मग मीच करते," ती म्हणाली. तो हसला. त्या हसण्याचाही तिला राग आला.

दीर मधमाश्या पाळायचा. त्याच्याकडून तिने माश्यांना धूर द्यायचं, भाता लावलेलं धुराडं आणलं, त्यात गोणपाटाचे तुकडे पेटवले, बेसिनखालचा पाइप सोडवून त्यात नळी घातली आणि भोवती चिंध्या कोंबल्या. भाता दाबून दाबून हात भरून आले. धूर सरळ वर चढला आणि गच्चीवरच्या हवेच्या पाइपातून आरामात निघून गेला.

मग तिने मिंचोला गच्चीवर पाठवून त्या पाइपाचं तोंड ओल्या फडक्याने बंद करवलं. भाता पुरत नाही म्हणून पनीरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात गोणपाट पेटवून त्याला व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा जोडली. हवा इतकी जोरात गेली की सेव्दाच्या मोरीखाली पाइपाच्या वळणात वास अडवायला साचलेलं पाणीच उसळून बाहेर आलं, आणि पाठोपाठ धूर.

"आग! आग!" सेव्दा अंगाला टॉवेल गुंडाळून जिन्यात. "बाई, जाळून मारतेस का आम्हाला?"

"बघ," मिंचो म्हणाला, "आता तरी सोड हा नाद."

दोब्रिंकाने डबा भिंतीवर आपटला. दोन दिवस तो तसाच पडून होता. मग तिने जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढला, डब्याचा पोचा ठोकून सरळ केला, झाकणाला भोक पाडलं आणि पुन्हा बसली. आता हवा मंद होती. बराच वेळ काहीच दिसेना. ती उठणार, इतक्यात शॉवरखालच्या भिंतीच्या फरशांच्या सांध्यातून एक बारीक रेघ निघाली. मग दुसरी.

"मिंचो! इकडे ये!"

तो आला, आणि बघतच राहिला. जुना टब काढून त्या हिरव्या फरशा त्यानेच बसवल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायचा.

"यामागे काय आहे?"

"टबाचा पाइप," तो हळूच म्हणाला. "टोपण नव्हतं हाताशी. फडकं कोंबलं होतं. तात्पुरतं."

"तात्पुरतं? आणि वर फरशी? आणि मला म्हणायचास, तुझं नाक बिघडलंय!"

"अगं, मी विसरूनच गेलो होतो."

तो खरंच विसरला होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. त्यामुळे ती जास्तच भडकली. खोटं बोलला असता तर निदान मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

छिन्नी तिनेच घेतली. फरशा फोडून पाइपाला टोपण बसवलं, वास थांबला. तसल्या हिरव्या फरशा बाजारात कुठेच मिळेनात. शेवटी तपकिरी लावाव्या लागल्या. मिंचो म्हणाला, फार काही वाईट दिसत नाही. ती शेगडी पेटवायला निघून गेली.