मालकाच्या रकान्यात गाव

आमच्या ह्यांना आफ्रिकेला जायचं होतं आणि मला ह्यांच्याशिवाय राहायचं नव्हतं. प्रकरण एवढंच. पण आमच्या घरात एखादी गोष्ट सरळ होईल तर शपथ.

चाकणच्या पलीकडे आमचं गाव, आणि घर सुताराचं. सासरे गेल्यावर गावाचं बलुतं ह्यांच्याकडे आणि धाकट्या दिरांकडे आलं. वर्षभर गावाचे नांगर, कुळव, पाभरी दुरुस्त करायच्या आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा, अशी ती रीत. दोन बिऱ्हाडांना पुरेल एवढं काम मात्र आता राहिलं नव्हतं. पिंपरीला तेव्हा कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, म्हणून हे तिथं रोजानं गेले. आठ दिवस टिकले. नवव्या दिवशी करवत खांद्यावर टाकून दारात हजर.

"का आलात?" मी विचारलं.

"मुकादम मला खिळा कुटं ठोकायचा ते सांगतुया. आन भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं. लाकडाला काय भोंगा कळतुया?"

ह्यांचा स्वभाव हा असा. हात सोन्याचे, पण डोक्यावर कुणी बसलेलं खपायचं नाही. मला ते आवडायचं, हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

त्या सुमारास नैरोबीहून ह्यांच्या मावसभावाचं पत्र आलं. तो आधीच तिकडे जाऊन बसला होता. त्यानं लिहिलं होतं की इथं सुताराला मान आहे, ये. पण राहण्याचा परवाना दोन तऱ्हेचा मिळतो. एक नोकरीचा. तिथला एक वखारवाला माणूस मागतच होता, बोटीचं तिकीटही तोच काढणार होता. मात्र चार वर्षं त्याच्याच हाताखाली काम करायचं आणि बायकोमुलं आणायची नाहीत, ही त्याची अट. दुसरा परवाना स्वतःच्या धंद्याचा. त्यात कुणी मालक नाही, बिऱ्हाड नेता येतं, हत्यारं आपली आपण न्यायची. पण हा माणूस मुळातच स्वतःचा धंदा करतो हे तिथल्या कचेरीला कागदांनी पटवून द्यावं लागतं.

मी सातवी झालेली, त्यामुळे घरातली पत्रं मीच वाचायची. पहिला भाग मी भरभर वाचला आणि दुसरा दोनदा वाचला.

तरी हे म्हणाले, "नोकरीचाच बरा. लवकर मिळंल. चार वर्सं काय, बघता बघता जातील."

माझं डोकंच फिरलं. मांडीवर दीड वर्षाची पोर होती. "चार वर्सांनी ही तुमाला बघून 'आये, पाव्हनं आलं' म्हनंल. आन पिंपरीत आठ दिस मुकादम सोसला न्हाई, तितं चार वर्सं सोसनार व्हय?"

ह्यांनी पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. मग म्हणाले, "धंद्याचाच अर्ज करू." मी आत जाऊन चहात दोन चिमट्या साखर जास्त टाकली.

अर्ज करायला आम्ही खेडला गेलो. मामलेदार कचेरीबाहेर एक अर्जनवीस पेटी मांडून बसायचे. ते मराठीत विचारायचे आणि इंग्रजीत भरायचे. वय, गाव, किती वर्षांचा अनुभव, हत्यारं कोणती, सगळं विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "काम कुणाकडं करता?"

"गावाकडं," हे म्हणाले.

"म्हणजे?"

"आमी गावाचं चाकर. आज्यापणज्यापासनं."

अर्जनविसांनी लिहिलं. मी शेजारीच पोरीला शेंगदाणे भरवत बसले होते. खोटं कशाला सांगू, त्यात काही चुकलं असं मलाही वाटलं नाही. बलुतेदार म्हणजे गावाचा चाकर, हे आम्ही जन्मापासून ऐकत आलेलो.

चार महिन्यांनी तिकडून इंग्रजीत उत्तर आलं. शाळेतल्या मास्तरांनी ते वाचलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "अर्जात मालकाच्या, म्हणजे काम देणाऱ्याच्या, रकान्यात गावाचं नाव आहे. ते म्हणतात, हा माणूस नोकरदार दिसतो, ह्याला धंद्याचा परवाना कसा द्यायचा? नोकरीचा हवा तर तसा अर्ज करा, नाहीतर स्वतःचा धंदा असल्याचा पुरावा धाडा."

मी तिथंच शाळेच्या ओट्यावर बसून रडले. पोरं बघत होती, बघू देत म्हटलं.

मास्तरांनी सुचवलं की पाटलांकडून लिहून आणा, हा माणूस गावाचा नोकर नाही म्हणून. आम्ही गेलो. ह्यांची जीभ रेटेना, शेवटी पदर सावरून मीच सांगितलं. पाटील वयानं मोठे आणि मनानं चांगले, पण त्यांचा चेहरा उतरला.

"गावानं तुला कवा चाकर म्हनून हाक मारली का रं?"

"न्हाई, पाटील."

"मग आता कागुद करून देऊ, का ह्याचा आन गावाचा काई संबंध न्हाई? आन उद्या तुजा भाऊ खळ्यावर वाटा मागाया आला, तर त्याला काय सांगू?"

दिरांच्या तोंडचा घास काढून आफ्रिकेला जायचं, हे मलाही पटत नव्हतं. परतीच्या वाटेवर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. नोकरीचाच अर्ज करू." मला पाटलांचा राग आला, अर्जनविसांचा आला, ह्यांचा तर आलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागानं अंगण झाडत होते. झाडता झाडता केरसुणी एका चाकाला अडली. ते होतं शर्यतीच्या गाड्याचं. आमच्या भागात जत्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या वाटेवर, बैलगाडे पळतात आणि त्यासाठी गाडा हलका पण मजबूत लागतो. तसा गाडा करावा तर ह्यांनीच, असं दहा गावांत म्हणायचे. मी चाकाकडे बघितलं आणि केरसुणी टाकली.

"आवो, ह्या गाड्याचा वाटा कंच्या खळ्यावर घेनार तुमी?"

"ह्याचा कसला वाटा? ह्ये रोखीचं काम. ह्ये बलुत्यात न्हाई बसत. ह्ये माजं सवताचं."

"सवताचं?"

"मग कुनाचं?" म्हणाले, आणि हातातला रंधा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिले.

मग आठ दिवस हे ज्यांना ज्यांना गाडे करून दिले त्यांच्याकडे फिरले. खेड, चाकण, भोसरी करत थेट निगडीपर्यंत गेले. प्रत्येकानं लिहून दिलं की ह्या कारागिराकडून आम्ही गाडा विकत घेतला, काम चोख आहे. निगडीचा गाडेवाला तेवढा जुना राग धरून होता. त्यानंही पत्र दिलं, पण ते दाखवताना ह्यांचं तोंड पडलं होतं. त्यात लिहिलं होतं: "ह्या माणसाला तीनदा निरोप धाडला. जत्रा तोंडावर आली तरी गाडा दिला नाही. लाकूड वाळल्याशिवाय चाक भरणार नाही, घाई असेल तर दुसरा सुतार बघा, असं मलाच सुनावलं. हा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मनात येईल तेव्हाच काम करतो. शेवटी दिला तो गाडा मात्र शर्यतीत पहिला आला."

"ह्ये फाडून टाकतो," हे म्हणाले.

मी पत्र हिसकावलं आणि तशीच मास्तरांकडे पळाले. मास्तर हसून हसून खोकले. त्यांनी सगळी पत्रं इंग्रजीत केली आणि निगडीचं सगळ्यांच्या वर लावलं.

परवाना आला. स्वतःच्या धंद्याचा, सोबत पत्नी आणि एक मुलगी. पाठोपाठ मावसभावाचं पत्र आलं की तिथल्या साहेबानं त्याला विचारलं म्हणे, 'कुणाचं ऐकत नाही तो सुतार हाच का?' मास्तरांनी परवान्यावर माझं नाव कुठं आहे ते बोटानं दाखवलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण त्या ओळीवरून मी किती वेळा बोट फिरवलं असेल त्याला गणती नाही. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

घरी येऊन बघते तर हे अंगणात पाटलांचा मोडका नांगर घेऊन बसलेले.

"आता तर सरकारी कागुद हाय, तुमी कुनाचं चाकर न्हाई म्हनून."

"म्हनून तर करतोय," मान वर न करता म्हणाले. "ह्यो माज्या मनानं."

नांगर त्यांनी स्वतः खांद्यावरून पोचवला. पाटलांनी तो उलटा करून, सुलटा करून बघितला आणि ठेवून घेतला. सुगीला खळ्यावरून दिरांचा वाटा ठरल्याप्रमाणे आला. आणि त्याच्यामागून जोंधळ्याची आणखी एक पिशवी आली, आमच्यासाठी. पाटलांचा निरोप होता, 'कागदावर काय बी लिव्हा.' हे पिशवी घेऊन आत गेले आणि ती आपल्या हत्यारांशेजारी ठेवून आले.

हत्यारांची पेटी मी भरली. बोटीवरच्या खाऱ्या हवेनं गंज चढू नये म्हणून रंधे, पटाश्या, वाकस, सगळं माझ्या लुगड्यांत गुंडाळलं. पिशवी मधोमध ठेवली.

मोंबासा बंदरात उतरल्यावर गोऱ्या साहेबानं पेटी उघडायला लावली. एकेक लुगडं उचललं की आतून एकेक हत्यार निघत होतं. साहेब परवाना बघत होता, हत्यारं बघत होता, मान डोलवत होता. माझा जीव मुठीत. मग त्याच्या हाताला पिशवी लागली. शेजारी एक म्हातारा गुजराती दुभाषा उभा होता. त्यानं हिंदुस्तानीत विचारलं, ह्यात काय आहे, कुणी दिलं?

आणि आमचे हे, हातात स्वतःच्या धंद्याचा परवाना धरून, ताठ मानेनं म्हणाले, "आमच्या मालकानं दिलंय. गावानं."

मी कोपरानं असं ढोसलं की त्यांच्या हातातला परवाना खाली पडला. दुभाष्यानं तो उचलून दिला. माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. मग साहेबाकडे वळून इंग्रजीत अगदी थोडं काहीतरी बोलला. साहेबानं पेटी मिटली आणि कागदावर शिक्का मारला.

काय सांगितलंत, म्हणून मी नंतर त्याला विचारलं. तो म्हणाला, "इतकंच, की जोंधळा आहे."