उम्म सलालची पवनचक्की आणि नवऱ्याचं कुलूप

सामान जहाजाने पुण्याला निघून गेलं होतं, विमानाची तिकिटं हातात होती आणि नवरा रोज सकाळी गॅलरीत उभा राहून वारा बघत होता. कतार कायमचं सोडण्याआधी ती पवनचक्की एकदा फिरलेली बघायची, एवढंच त्याचं म्हणणं होतं. "ती फिरली की मी मोकळा," असं तो म्हणायचा. अल वक्राला इतकी वर्षं राहून मी वाऱ्याची कधी वाट पाहिली नव्हती. वारा आला की धुळीच्या धसक्याने आधी खिडक्या लावायच्या. त्या आठवड्यात मात्र मीही मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघायला लागले.

चक्की उम्म सलाल मोहम्मदच्या एका शेतावर आहे. शेतमालकांचे वडील हॉलंडला गेले, तिथल्या पवनचक्क्यांवर भाळले आणि तिकडचेच सुतार आणून त्यांनी हुबेहूब तशी बांधून घेतली. खाली दगडी जातं, वर लाकडी दातेरी चाकं आणि सगळ्यात वर वाऱ्याकडे तोंड फिरवणारी टोपी. रमजानात हरीस, म्हणजे गहू-मटण घोटून केलेली खीर, करायला लागणारे गहू हिच्यावर भरडले जायचे. मग विजेची गिरणी आली, पाती थांबली आणि कबुतरांनी आत संसार थाटले. मालक स्वतः आजोबा झाले तेव्हा त्यांना ती नातवंडांना फिरताना दाखवायची हुक्की आली. आमचे इंजिनिअरसाहेब गॅस प्लांटमध्ये फिरती यंत्रं सांभाळणारे. एकदा त्या शेतावर भाजी घ्यायला म्हणून गेले आणि पुढचे दोन हिवाळे आमचे सगळे शुक्रवार चक्कीच्या दुरुस्तीपायी तिकडेच गेले. मी चक्कीला सवत म्हणायचे आणि डबाही मीच भरून द्यायचे.

आमच्या शेवटच्या शुक्रवारी शमाल सुटला, म्हणजे इथला उत्तरेचा वारा. हायवेवर गाडी हलत होती आणि आम्ही दोघं शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे बडबडत होतो. शेतावर दुरुस्तीला लावलेल्या सुतारांनी पात्यांवर कापड चढवलं, टोपी वाऱ्याकडे वळवली. मालक म्हणाले, "यल्ला इंजिनिअर, ब्रेक खोलो."

नवरा ब्रेकपाशी गेला आणि तिथेच थिजला. ब्रेकच्या दांड्याला त्याचं लाल कुलूप होतं, त्याला त्याच्याच फोटोचा टॅग: धोका, चालू करू नका. प्लांटमध्ये यंत्रावर काम करणारा माणूस असं कुलूप घालतो, किल्ली स्वतःजवळ ठेवतो आणि काम संपल्यावर ते त्यानेच काढायचं असतं. इथे कबुतरांखेरीज चक्की कोण चालू करणार होतं? पण नियम म्हणजे नियम.

"किल्ली कुठाय?" मी विचारलं.

"कपाटाच्या ड्रॉवरमध्ये."

"कुठल्या कपाटाच्या?"

कपाट समुद्रात होतं.

माझं डोकंच फिरलं. वारा पडला असता तर पुन्हा कुठला शुक्रवार आणणार होतो? एका सुताराने लोखंड कापायची मोठी कात्री आणली, तर हा म्हणतो, "थांबा, माझं कुलूप मीच कापणार." कात्री एकदा घसरली, मग कुलूप तुटलं. त्याने टॅग खिशात घातला आणि ब्रेक सोडला.

पाती कुरकुरली, थोडी हलली, थांबली. आणि मग एक पातं सपकन माझ्या डोळ्यांसमोरून गेलं, त्याच्यामागून दुसरं, आणि आतलं लाकूड असं घुमायला लागलं की ते पायांना जाणवत होतं. कबुतरं उडाली, नातवंडं ओरडत सुटली. जात्याच्या कडेने गव्हाची गरम भरड पडू लागली. मालकांनी ती मुठीत घेऊन हुंगली आणि वडिलांची आठवण काढून डोळे पुसले. मी वयाला न शोभणाऱ्या टाळ्या पिटत होते. इतका आनंद मला आमच्या पुण्यातल्या नव्या घराच्या वेळीही झाला नव्हता.

आता थंडीत लोक मुलाबाळांना घेऊन ती बघायला जातात म्हणे. त्या दिवशी आम्ही निघालो तेव्हाही ती फिरतच होती. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "झालं ना मनासारखं? आता तू मोकळा."

त्याने गाडी सुरू केलीच नाही. काचेतून पात्यांकडे बघत म्हणाला, "चुकलं गं माझं. बंद होती तेव्हाच सोडून जाणं सोपं होतं."