दसऱ्याच्या बॅटरीतला शंट

तारीख चौदा ऑक्टोबर, सोमवार सकाळ. रक्कम एक लाख ऐंशी हजार, आमच्याकडे जमा असलेली आगाऊ. हजर तिघे: मी, माझा मेहुणा आणि हडपसरचे आमचे गिऱ्हाईक. त्यांच्या विजेवर चालणाऱ्या सहा मालवाहू तीनचाकींना आम्ही बॅटऱ्या देणार होतो. जागा वारज्यातला आमचा गाळा, निम्मा मेहुण्याचा, निम्मा माझा.

पहिली बॅटरी शनिवारी, दसऱ्याच्या मुहूर्तावर दिली होती. सोमवारी ती टेम्पोत घालून परत आली.

"साहेब, दिवे घाटात गाडी मेली," गिऱ्हाईक म्हणाले. "नुसती मेली न्हाई, मागं यायला लागली. गाडीवर माझा धाकटा भाऊ हाय. मागं खताची पोती. त्यानं डोंगराकडं चाक दाबलं म्हणून वाचला. संध्याकाळपातुर कारण सांगा, न्हाईतर पैसे परत करा."

पैसे परत कुठून करणार? त्या रकमेचे बॅटरीचे सेल येऊन फळीवर लागले होते. ऑर्डर गेली तर गाळाच जाणार होता. गिऱ्हाईक चहाला बाहेर गेले तसा मेहुण्याने लॅपटॉप उघडला.

"भाऊजी, बोर्डाची मर्यादा एकशे ऐंशीची अडीचशे करतो. दोन मिनिटांचं काम."

"आणि खरोखर अडीचशे अँपिअर वाहिले तर? पेटलेली केबल तू विझवणार?"

"तो माणूस बाहेर उभा आहे हो."

"त्याचा भाऊ गाडीवर बसतो, म्हणून तर म्हणतोय."

तो बोर्ड बॅटरीवर लक्ष ठेवतो. मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहिली की पुरवठा तोडतो. किती वाहते ते कळण्यासाठी मुख्य वाटेत धातूची एक पट्टी बसवतात, तिला शंट म्हणतात. पट्टीचा अवरोध अगदी थोडा, पण ठरलेला असतो. तिच्या दोन टोकांमधला विजेचा दाब मोजला की प्रवाहाचा आकडा मिळतो. आमची पट्टी अर्ध्या मिलिओहमची, साधी, दोन भोकांची. ज्या बोल्टांखाली जाड केबल, त्यांच्याच खाली मोजणीच्या बारीक तारा. स्वस्त पडते म्हणून आम्ही दोघांनी ती पसंत केली होती.

बॅटरीला हीटरच्या कॉइलींचा भार जोडला. केबलीभोवती बाहेरूनच प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. मीटर एकशे दहा दाखवत होता, बोर्ड एकशे तीस. गिऱ्हाईक येऊन माझ्या खांद्यामागे उभे राहिले. मीटर एकशे दहावरच. बोर्ड एकशे पन्नास. एकशे सत्तर. एकशे ऐंशी ओलांडताच खट् आवाज झाला आणि कॉइली काळ्या पडत गेल्या.

"घाटात असंच झालं," गिऱ्हाईक म्हणाले.

बोल्टाला हात लावला तर चटका बसला. तो सोडवून केबलीचं टोक उचललं. खाली पट्टीवर पिवळा-लाल, सुकलेला थर होता.

"खंडेनवमी," मी म्हणालो.

शेवटचा बोल्ट पूजा झाल्यावरच आवळायचा, ही मेहुण्याची पद्धत. शुक्रवारी सासूबाईंनी गाळ्यात पूजा केली तेव्हा ही पट्टी उघडी होती.

"आईंनी पट्टीलाही हळदकुंकू लावलं?"

"आईने सगळ्यालाच लावलं. मल्टीमीटरलासुद्धा."

"आणि त्यानंतर चाचणी?"

"आधी झाली होती. नंतर मुहूर्त टळत होता."

गिऱ्हाईकांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आम्ही बी ट्रॅक्टरची पूजा करतो, शेठ. पर बॉनेटला लावतो. इंजिनात न्हाई वतत."

मेहुणा स्पिरिटची बाटली घेऊन आला. "पुसतो आणि देतो."

मी पट्टी त्याच्या हातात दिली नाही. आज हळदकुंकू निघालं. उद्या घाटातली धूळ आत जाईल, परवा बोल्ट सैल होईल. बोल्टाखालच्या सांध्यात जे काही शिरेल त्याने अवरोध वाढेल, आणि तो वाढीव दाब बोर्ड वीज म्हणून मोजणार. मोजणीच्या तारा बोल्टांच्या आत, पट्टीच्या अंगावरच वेगळ्या जोडलेल्या असतात, तो चार टोकांचा शंटच हवा होता.

बदलायचाच तर किती अवरोधाचा, यावर आमचं वाजलं. प्रवाहाचा वर्ग गुणिले अवरोध, एवढी उष्णता. एकशे ऐंशी अँपिअरला अर्ध्या मिलिओहमची पट्टी सोळा वॅट तापते, तीही बंद डब्यात. मी एकदशांश मिलिओहमची मागत होतो, ती जेमतेम सव्वातीन वॅट.

"मग दाब फक्त अठरा मिलिव्होल्ट मिळेल," मेहुणा म्हणाला. "आपल्या बोर्डाला तेवढ्यातलं काय कळणार? सपाटीवर चार्ज किती उरला तेच चुकीचं दाखवेल. मग गाडी घाटाऐवजी गाडीतळावर बंद पडेल."

त्याचं बरोबर होतं. दोनदशांशावर ठरलं: साडेसहा वॅट, छत्तीस मिलिव्होल्ट. तो स्कूटर घेऊन बुधवार पेठेत गेला आणि तिसऱ्या दुकानात हवे तसे शंट मिळाले.

दुपारी नवी पट्टी बसवली, तिचा अवरोध बोर्डात भरला आणि परत भार लावला. मीटर एकशे दहा, बोर्ड एकशे अकरा, आणि दोन्ही तिथेच थांबले. मेहुण्याने हात जोडले. गिऱ्हाईकांनी नाही.

"इथलं दिसलं. आता घाटात तुमच्यापैकी एकजण भावाशेजारी बसा."

मी बसलो. तीच पोती मागे. धाकटा भाऊ एक पाय ब्रेकजवळच ठेवून होता. पहिल्या वळणावर माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर बोर्डाचा आकडा एकशे पाच, पुढे चढावर एकशे अठरा. मागून एसटी हॉर्न देत होती. मी समोरचा रस्ता पाहिलाच नाही, आकडा पाहत होतो. एकशे चोवीसला तो टेकला, थोडा रेंगाळला आणि उतरू लागला. चढ संपला तेव्हा भावाने ब्रेकजवळचा पाय मागे घेतला.

"पाणी पिता का, काका?" तो म्हणाला.

त्याने फोनवर थोरल्याला कळवलं. आगाऊ रक्कम आमच्याकडेच राहिली. आम्ही दिलं ते असं: सहा शंटचे तीन हजार आठशे चाळीस, बुधवार पेठेतल्या दुकानदाराला, आणि खोळंबलेल्या भाड्याचे बाराशे, घाटमाथ्यावर, त्या धाकट्या भावाच्या हातात.