अंजनानं पोहायला शिकवलेली पाणमांजरं

सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठच्या एका गावात अंजनाचं सासर. नवरा आकाराम पलटणीत खेचरांची मलमपट्टी करायचा. एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन घरी आला आणि माणसांपेक्षा जनावरांच्याच तब्येतीची जास्त चौकशी करू लागला. पंख मोडलेली घार, उसाच्या फडात पाय कापलेलं रानमांजर, कुत्र्यांनी फाडलेला कोल्हा, जे सापडेल ते लोक त्याच्या पडवीत आणून ठेवत. तो कामट्या लावून मोडलेलं बांधायचा, जखमा धुवायचा. खाणंपिणं आणि घाण काढणं मात्र अंजनाच्या वाट्याला. ती कुरकुरायची, पण घारीच्या खाण्याची वेळ तिनं कधी चुकवली नाही.

चौऱ्याहत्तरच्या थंडीत रसूल पत्रेवाला नवी बादली घेऊन दारात आला. डबे-बादल्या करणं हा त्याचा धंदा, आणि गळ टाकून मासे धरणं हा नाद. बादलीत गोणपाटावर दोन तपकिरी पिल्लं चिवचिवत होती.

“वैनी, पाणमांजराची हायत,” तो म्हणाला. “आई कुणाच्यातरी जाळ्यात गुतून मेली. ही काठाच्या बिळात वरडत हुती.”

“आणि माझ्या घरला पोच केलीस व्हय?” अंजना म्हणाली. बोलता बोलताच तिनं बादली त्याच्या हातातून घेतली होती.

पेनात शाई भरायच्या ड्रॉपरनं शेळीचं दूध पाजून तिनं ती जगवली. आकारामनं त्यांची नावं ठेवली हवालदार आणि नाईक. दोन महिन्यांत ती मासळीचे तुकडे खाऊ लागली, घरभर घसरगुंडी खेळू लागली, एकदा तर पिठाच्या डब्यात जाऊन पांढरीफेक होऊन बाहेर आली. पण पाणी म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. घंगाळात सोडली तर किंचाळत अंजनाच्या खांद्यावर चढायची.

“पाणमांजराला पाण्याचं भ्या? आसं कुटं आस्तंय?” अंजनाला हसू आवरेना.

“आई शिकवती त्येंला,” आकाराम म्हणाला. “आता आपुनच शिकवाय पायजे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिल्लं घेऊन घाटावर गेला. गुडघाभर पाण्यात उभा राहून “चलो, आगे बढो” असे हुकूम सोडू लागला. हवालदार त्याच्या डोक्यावर बसला, नाईक अंगातल्या बंडीत शिरला. वीस वर्षं डोंगरात काढलेल्या आकारामला स्वतःलाच पोहता येत नव्हतं. शेवाळावरून पाय सटकला आणि तो कमरेपर्यंत पाण्यात बदकन बसला, तशी पिल्लं उड्या मारून पायरीवर पळाली.

घाटावरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. अंजनाही हसली. मग तिनं काय केलं, तर हातातलं धुणं पायरीवर ठेवलं, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि सरळ पाण्यात सूर मारला.

तिचा बाप नदीवर नाव चालवायचा. लहानपणी ती नावेच्या आधी पैलतीर गाठायची. सासरी आल्यापासून सोळा वर्षं ते सुटलं होतं. पाणी अंगाला लागलं आणि हातपाय आपोआप चालू लागले. ती लांब जातेय म्हटल्यावर हवालदार शिट्टी घातल्यासारखा ओरडला आणि धपकन पाण्यात पडला. बुडाला, वर आला, आणि शेपूट हलवत तिच्या मागं निघाला. नाईक काही हलेना. त्याला तिनं मागं येऊन मानगुटीला धरून आत ओढलं.

“आगं, बुडंल ते,” आकाराम काठावरून म्हणाला.

“न्हाई बुडत. तुमी वर बसा.”

मग रोज सकाळी तिची शाळा. आधी मेलेली मासळी, मग बादलीतली जिती, मग नदीतली, ज्याची त्यानं धरायची. हातानं घास देणं तिनं बंद केलं. पोरं कुरवाळायला आली तर हाकलायची, कारण माणसाला सरावलेलं जनावर कुठल्यातरी कुत्र्याच्या तोंडी नाहीतर फासेवाल्याच्या हाती जातं, हे आकारामनंच तिला सांगितलं होतं.

उन्हाळा सरताना ती म्हणाली, “आता सोडू या. वरच्या डोहात पाणमांजराचं बिऱ्हाड हाय.”

“लय लळा लागलाय गं,” आकाराम म्हणाला.

“मला न्हाई व्हय लागला?” म्हणत तिनं बादली उचलली.

डोहात सोडल्यावर तीन दिवस हवालदार आणि नाईक पोहत पोहत घाटावर आले. अंजना पाठ फिरवून धुणं धूत राहिली. तिनं वळून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. दिवाळीनंतर रसूलनं सांगितलं, डोहाच्या खडकावर पाच पाणमांजरं ऊन खात होती, त्यातली दोन अंगानं जरा लहान. ते ऐकून आकारामनं त्याला दोनदा चहा पाजला.

पुढच्या उन्हाळ्यात रसूलची बायको शमशाद आपल्या मुलीला घेऊन अंजनाकडे आली. “पाणमांजराला शिकिवलं, आमच्या जरिनाला बी शिकवा की.” पाठोपाठ शेजारच्या लीलाबाईंच्या दोन पोरी आल्या. पाठीला सुके भोपळे बांधून त्या पाण्यात उतरल्या, आणि आकाराम काठावर छत्री घेऊन बसला, कुणाला पाण्यात जास्त वेळ झाला ते बघायला.