शेवंताबाईंनी ठेवून घेतलेला फोटो

भोरच्या बागेत शेवंताबाई पक्षी दाखवायच्या त्या हनुवटीनं. बोट करायचं नाही, हा त्यांचा नियम. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकलेलं; बाईंनी तो कायदा पाखरांनाही लावला होता. हातातला खराटा थांबवायच्या, हनुवटी जराशी उचलायच्या आणि पुटपुटायच्या, "त्यो बगा, सायेब. वळखा."

मला ओळखता यायचं नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर हौसेनं मोठा कॅमेरा घेतला होता, पण कावळा, चिमणी आणि साळुंकी यांपलीकडे मजल नव्हती. एकदा एक काळा पक्षी टिपून मी रुबाबात "दयाळ" असं जाहीर केलं. बाईंनी कॅमेऱ्यात डोकावूनही पाहिलं नाही. "दयाळ न्हाई, चिरक हाय त्यो. शेपटीखाली तांबूस दिसतंय का? पाखराला आदी चालू-बोलू द्या, मग नाव ठिवा."

त्या कामथडीहून रोज एसटीनं यायच्या आणि बागेत माळीकाम करायच्या. लहानपणी ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेली. एवढी पाखरं कुठं शिकलात, असं विचारलं तर म्हणायच्या, "ज्येला हाकलायचं, त्येला वळखाया नगं का?" अशा उत्तरापुढे माझं मोबाईलमधलं ॲप म्हणजे अगदीच बापुडं.

एका एप्रिलात त्यांनी मला मेंदीच्या कुंपणाजवळ नेलं. आत बुलबुलाचं घरटं, त्यात दोन पिल्लं. "म्या मुकादमालाबी सांगितलं न्हाई. तुमालाच दावते. लांबनं बगा." चार दिवसांपासून त्या तेवढा भाग सोडून बाकीची मेंदी कापत होत्या. कुंपण मध्येच वाढलेलं पाहून मुकादम ओरडायचा, आणि बाई कात्रीला धार नाही म्हणून वेळ मारून न्यायच्या. पिल्लं उडेपर्यंत बोलणी खायची त्यांची तयारी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची एसटी उशिरा आली. मी एकटाच होतो, ऊनही छान पडलं होतं. घरट्यासमोरच्या दोन-तीन डहाळ्या तेवढ्या मध्ये येत होत्या. मी त्या मोडल्या. पुढच्याच मिनिटाला आई आली, दोन्ही चोची उघडल्या, आणि जन्मात आला नव्हता असा फोटो मिळाला. बाईंना चकित करायचं म्हणून तो छापून आणण्यात दोन दिवस गेले. पाखरं बिथरतील म्हणून तेवढ्यात बाईही घरट्याकडे फिरकल्या नव्हत्या.

बाईंनी पदराला हात पुसले आणि फोटो धरला. मी शाबासकीची वाट पाहत उभा. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सायेब, हितली पानं कुठं गेली?"

त्या तरातरा कुंपणाकडे निघाल्या, मी मागे. घरटं कललेलं होतं आणि रिकामं होतं. "आडोसा गेला न्हवं. कावळ्याला दिसलं," एवढंच त्या बोलल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो त्यांनी मला परत दिला नाही. मला वाटलं, फाडणार. त्यांनी तो अवजारांच्या खोलीत भिंतीला लावला.

त्यानंतर महिनाभर "चा झाला का?" एवढंच बोलणं. पाखरांचा विषय नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी कॅमेरे घेऊन कुणी आलं की बाई आधी त्यांना त्या खोलीत न्यायच्या. "लई झ्याक हाय न्हवं? ह्यातली दोनी पिल्लं ह्या फोटूपायी गेली. म्होरली पानं मोडली व्हती." एकदा मी दारातच असताना कुणीतरी विचारलं, "कुणी काढला हो हा?" माझे कान तापले. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाय एक. माणूस वाईट न्हाई. घाई झाली त्येला."

त्याच दिवशी परत जाताना त्यांनी जास्वंदीतला मध पिणारा इवलासा शिंजीर मला दाखवला. साठी उलटलेला मी माणूस, पण डोळे भरून आले.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि बाई काम सोडून सारोळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी फोटो भिंतीवरून काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

"आता तुमी सांगत जावा."

"मला नाही जमणार हो."

"न जमाया काय झालं? कसं झालं, त्ये माज्यापरास तुमालाच ठावं हाय."

पुढच्याच रविवारी पुण्याहून एक जोडपं आलं. त्यातल्या मॅडमच्या गळ्यात कॅमेरा होता. मी पिशवीतून फोटो काढला. त्या म्हणाल्या, "वा! काय सुंदर आहे! कुणी काढलाय?"



"मी," म्हणालो. "आणि समोरची पानंही मीच मोडली."