पहिल्या तळाची चूल

सोजरामावशीला मी कधी ताजीतवानी पाहिली नाही. दिवाळीला आई मला घेऊन वेल्ह्याहून भोंगवलीला बहिणीकडे जायची. खाली गावात बायका करंज्या तळत असायच्या, आणि मावशी मात्र माळावरच्या आपल्या वस्तीत, अंगणभर संसार मांडून, कपाळाला हात लावून बसलेली असायची. "आलीस का? बस. कुठं बसशील तितं बस, पर त्या गोणीवर बसू नगंस," एवढंच स्वागत.

आम्ही डोंगरातले, गुरांवाले. गोठा, घर आणि पुढचं खाचर यापलीकडे आमचं जग जात नसे. मावशी पडली मेंढरांच्या घरात. दिवाळी सरली की मेंढरं, कोंबड्या, पोरंबाळं, कुत्री सगळी घेऊन कापूरहोळवरून भोर, भोरवरून वरंधा घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी तोच घाट चढून परत यायचं. वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात ते धान्य द्यायचे, त्यावर चूल चालायची. ऐकायला मला फार मजेचं वाटायचं. मावशीला विचारलं तर म्हणायची, "चालून न्हाई गं थकत. ठरवून थकते."

आणि ठरवायचं सगळं तिनंच. तिचा नवरा हैबतीकाका मनानं सोन्यासारखा माणूस, पण त्याचं नियोजन म्हणजे चंची सोडायची, पान जमवायचं आणि म्हणायचं, "हुईल समदं." पुरुष मेंढरांमागून रानारानानं चरत चरत येणार. घोड्यावर घर लादून पुढं जायचं, तळाची जागा धरायची, माणसं पोचायच्या आत भाकरी तयार ठेवायची, हे बाईचं काम. काय घ्यायचं, काय ठेवायचं, कुठल्या पोराला बसवायचं, कुठल्या पोराला चालवायचं, याचा घोर नवरात्रापासून मावशीच्या डोक्याला. होईल समदं म्हणणाऱ्याचं होतं, कारण दुसरं कोणीतरी ते करत असतं. हे मी तेव्हा म्हणाले नाही, आता म्हणते.

लादण्याची तिची एक रीत होती. अंगणात दोन ढीग करायचे, घोडीच्या डाव्या अंगाचा आणि उजव्या अंगाचा. मग एकेक गोणी दोन्ही हातांनी उचलून बघायची. इकडून एक तांब्या काढ, तिकडे टाक. पुन्हा उचल. ओझं एका अंगाला झुकलं तर घाटात घोडीची पाठ सोलते, नाहीतर घोडीच दरीत जाते. या सगळ्या तोलाचा पाया म्हणजे जातं. त्याची वरची तळी एका गोणीत, खालची दुसऱ्या गोणीत. ती दोन वजनं घट्ट बसली की बाकीचं सामान त्यांच्या आधारानं बसे. आणि जातं जवळ असलं म्हणजे परक्या गावात दळणासाठी कोणाच्या दारात उभं राहायला लागत नसे. दिवसभर चालून आल्यावर, "बाई, जरा जातं देता का," म्हणत फिरण्याचा तिला मनापासून तिटकारा होता.

घरात सासू होती, बयाबाई. वाळून काटकी झालेली, बोलायला कमी, आणि कायम पायाशी बुटकी. बुटकी म्हणजे त्यांची लहानशी कुत्री. मेंढरांची कुत्री चांगली वासराएवढी असतात, लांडग्याला भिडतात. ही कुठून त्यांच्यात आली कोण जाणे. पाय एवढेसे, पोट जमिनीला टेकेल असं, धावली तर गवतात दिसायची नाही. पण कान तिखट, सगळ्यांच्या आधी भुंकायची. प्रवासात ती ओझ्यावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी बसायची आणि बयाबाई घोडीच्या शेपटीला हात लावून मागून चालायची. मागच्या खेपेला घाट चढताना मात्र म्हातारीचे गुडघे गेले. तेव्हा घोड्या दोन होत्या, म्हणून पांढरीवरचं थोडं सामान तांबडीवर टाकून तिला वर बसवून आणता आलं.

ही गोष्ट भोर संस्थान होतं तेव्हाची, दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची. त्या वर्षी श्रावणात पांढरी घोडी पोट फुगून मेली. उरली एकटी तांबडी.

आम्ही दिवाळीला गेलो तेव्हा अंगणात दोन घोड्यांचं सामान एका घोडीच्या दोन ढिगांत बसवायचा मावशीचा खेळ चालू होता. ती एक घोंगडं काढी, काका येऊन म्हणे, "कोकणात थंडी लई, असू दे." ती मोठं पातेलं काढी, पोरं रडून परत ठेवीत. डालगं लहान केलं, कोंबड्या विकल्या, मधल्या पोरीला चालायचं असं बजावलं. तरी तोल बसेना. मावशी रोज ढीग मोडायची, रोज मांडायची आणि मध्येच गोणीला टेकून डोळे मिटायची. आई म्हणाली, "अगं, जातं ठिव की." मावशी एवढी भडकली, की आई दिवसभर तिच्या वाटेला गेली नाही.

मग एका सकाळी मावशीनं ते बोलून टाकलं. बयाबाई उन्हात पाय पसरून बसली होती, बुटकी तिच्या पावलांवर झोपली होती.

"आत्याबाई," मावशी ढिगाकडेच बघत म्हणाली, "औंदा तुमी हितंच ऱ्हावा. घोडी येकच. तुमच्यानं घाट चालवायचा न्हाई, आन घोडीवर जागा न्हाई. खालची रतनबाई दोन येळ भाकरी दील, म्या बोलून ठिवलंय. बुटकीबी ऱ्हाईल तुमच्या सोबतीला. तिचंबी वझंच हाय."

काका लगेच उठून मेंढरांकडे गेला. त्याला आपल्या आईसमोर बसवेना आणि बायकोला नाही म्हणवेना.

बयाबाई म्हणाली, "व्हय. ऱ्हाते की."

एवढ्यावर मिटलं असं मावशीला वाटलं. आम्हालाही वाटलं. डोक्यावर छप्पर, दोन वेळची भाकरी, चालणं नाही, म्हातारीला आणखी काय हवं? पण दुपारी बयाबाई मावशीला विचारू लागली.

"सोजरे, पौषात हितं ऊन कुठल्या अंगाला येतंय गं?"

"मला काय ठावं, आत्याबाई?"

"आन हिरीला पानी ऱ्हातंय का तवा?"

"ऱ्हात आसंल."

"सांजचं मानसं काय करत्यात? मेंढरं न्हाईत, काय न्हाई. बसून काय करत्यात?"

मावशीच्या हातातला दोर थांबला. तिलाही माहीत नव्हतं. त्या घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं. बयाबाईनं ते घर फक्त पावसात पाहिलं होतं. हिवाळ्यातली तिची प्रत्येक सकाळ कुठल्या ना कुठल्या रानात उजाडली होती, नवऱ्याला माती दिली तीही महाडच्या खालच्या अंगाला. आपण म्हातारीला घरी ठेवतोय असं सगळे म्हणत होते आणि तिच्या दृष्टीनं ते परगाव होतं. हे मावशीला त्याच क्षणी कळलं. पण कळून करते काय? घोडी एकच होती.

आता त्यांच्यातला एक रिवाज सांगायला हवा. निघायच्या दिवशी घरच्या चुलीतला विस्तव मडक्यात राख घालून बरोबर न्यायचा आणि पहिल्या तळावर त्याच विस्तवानं चूल पेटवायची. त्यांचा पहिला तळ कापूरहोळच्या अलीकडच्या माळावर. तिथे मागच्या सालचे चुलीचे तीन दगड तसेच असायचे. जी बाई ती चूल पेटवील ती परत येईपर्यंत तळाची मालकीण. मुक्काम कुठं, भाकरी किती, सगळं तिच्या शब्दानं. आणि तिला अर्ध्या वाटेवरून घरी धाडायचं नाही. धाडली तर कळपात रोग शिरतो, असं ते पक्कं धरून होते. इतकी वर्षं ती चूल बयाबाईनं पेटवली होती. राबायची मावशी आणि मालकीण म्हातारी. या साली मडकं पहिल्यांदा मावशीच्या हातात येणार होतं. मला तिनं पुढे सरळ सांगितलं, "खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं व्हतं."

निघायच्या सकाळी एकच गडबड. मेंढरं पुढे सुटली होती. मावशी आणि आई दोन अंगांनी दोर आवळत होत्या, घोडी पोट फुगवून त्यांना फसवत होती. बयाबाई घोंगडं पांघरून, बुटकीला काखेत घेऊन बाहेर आली. "माझ्यानं बगवायचं न्हाई," ती म्हणाली, "म्या रतनीकडं जाऊन बसते." आणि कोणी पाया पडायच्या आत उतार उतरून गेलीसुद्धा.

मावशी विस्तव घ्यायला आत गेली तर चूल नुसती राख. मडकंही नाही. ती बाहेर आली ती तोंड काळवंडून. "रागं रागं घिऊन गेली जनू," ती आईला म्हणाली. "जाऊ दे. काडेपेटीनं पेटवीन." पण तिचा आवाज चिरकला. मी तेव्हा लहान होते, तरी मला कळलं की मावशी रडायच्या बेतात आहे आणि रडायला तिला वेळ नाही. ती घोडीचा दोर धरून निघाली. एकदाही मागं वळली नाही.

पुढचं मला तिनंच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

दिवस वाईट गेला. भोंगवली मागं पडते न पडते तोच ओझं डावीकडे कलंडलं. सगळं उतरवून पुन्हा बांधलं. मधल्या पोरीच्या पायात काटा गेला, तिला कडेवर घ्यावं लागलं. ओढ्यात घोडी बसली. वाटभर मावशी मनातल्या मनात सासूशी भांडत होती. घोडी मी मारली का? गुडघे मी मोडले का? दर वेळेला वाईट मीच व्हायचं का? आणि मध्येच हात मागं जायचा, शेपटीला धरून कोणी येतंय का बघायला.

दिवस कलला तेव्हा माळ दिसला. आणि माळावर धूर दिसला. आपल्या जागेवर दुसऱ्या कोणाचा तळ पडला म्हणून मावशी भांडायच्या तयारीनं पुढे झाली. तेवढ्यात बारीक, किरटं भुंकणं ऐकू आलं.

तिन्ही दगड मांडलेले होते. चूल पेटलेली होती. बाजूला मडकं होतं, आणि बयाबाई चुलीपुढे, बुटकीला मांडीवर घेऊन बसली होती.

"कुत्री सुटली बग," मावशी काही बोलायच्या आत ती म्हणाली. "पळाली तुमच्या वाटंनं. धरायला म्हून आले, तर हितवर आनलं तिनं."

मावशीनं बुटकीचे पाय पाहिले. पायांना धुळीचा कण नव्हता. मग म्हातारीचे पाय पाहिले. ते गुडघ्यापर्यंत मातीनं माखले होते, एका टाचेतून रक्त येऊन वाळलं होतं. एका काखेत कुत्री, एका हातात विस्तवाचं मडकं, असं ती मोडक्या गुडघ्यांनी शेतांच्या बांधावरून सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

"घाटात तुमाला कोन उचलंल?" मावशी ओरडली. "कोन? सांगा की!"

"घाट लांब हाय अजून," बयाबाई म्हणाली. मग चुलीत काटकी सारत, खाली बघूनच म्हणाली, "मला हितं ठावं हाय गं समदं. घरातलं काय ठावं न्हाई."

मावशी जिथे होती तिथेच बसली. राग आला होता, मालकीणपण गेलं म्हणून वाईटही वाटलं होतं आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं. मेंढरं घेऊन काका आला. त्यानं आईला पाहिलं, चुलीला पाहिलं आणि तोंड पलीकडे करून उपरण्यानं डोळे पुसले. चूल पेटवलेल्या बाईला माघारी धाडायचा प्रश्नच नव्हता. "हुईल समदं," तो म्हणाला. त्या दिवशी मावशीला त्याला चुलीतलं लाकूड मारावंसं वाटलं.

सकाळी मावशीनं पुन्हा दोन ढीग मांडले. डाव्या गोणीतून जात्याची वरची तळी काढली, उजवीतून खालची. पुढं सहा-सात महिने रोज कोणाच्या तरी दारात दळण घेऊन उभं राहायचं, हे तिनं त्या दोन दगडांबरोबर उचलून बाजूला ठेवलं. तोल नव्यानं बसवला. मग घोडीवर मधोमध घोंगडं टाकलं आणि सासूच्या काखेत हात घालून तिला उचललं.

"आगं," मावशी मला सांगत होती आणि सांगताना तिचे हात तसेच वर झाले होते, "म्या जीव यकवटून जोर लावला, तर ती अशी वर आली! नुसतं लुगडं उचलल्यावानी. जात्यायेवढीबी न्हवती गं म्हातारी. म्हैनाभर म्या समदं उचलून बगितलं. तांब्यासुदिक उचलून बगितला. तिला तेवढं उचलून बगितलं न्हाई."

मग तिनं बुटकीला उचलून म्हातारीच्या मांडीवर दिलं, घोडीचा दोर धरला आणि भोरच्या वाटेला लागली. जातं त्या माळावर, चुलीच्या दगडांशेजारी राहिलं.